हाताने घडवायचं लंबकाचं घड्याळ: लाकडी चाकं, पोलादी पिनियन आणि खान्देशचं ऊन

घरच्या वर्कशॉपमध्ये बनवलेलं घड्याळ बंद पडतं ते बहुतेक वेळा घर्षणामुळे. दात वाकडा असला, भोक तिरकं असलं, दांडा अडकला, ग्रीस घट्ट झालं, तरी शेवटी सगळं एकाच ठिकाणी येतं: वर टांगलेल्या वजनाची ताकद लंबकापर्यंत पोचत नाही. म्हणून इथे प्रत्येक भाग घड्याळात बसवण्याआधी एकटा तपासायचा आहे. सगळं जोडून झाल्यावर दोष शोधायला बसलात, तर आठवडा कुठे गेला ते कळणार नाही.

हे घड्याळ भिंतीवरचं आहे. वजनावर चालतं आणि त्याचा लंबक एका बाजूने दुसरीकडे जायला बरोबर एक सेकंद घेतो. चाकं प्लायवूडची, पिनियन (मोठ्या चाकाशी गुंतणारी छोटी दातेरी चाकं) पोलादी काड्यांचे, एस्केप चाक (लंबकाच्या तालावर एकेक दात पुढे सरकणारं शेवटचं चाक) पितळेचं. लेथ लागत नाही. ड्रिल मशीन आणि त्याचा उभा स्टँड, व्हाइस, व्हर्निअर, गुण्या, ओळंबा, फ्रेट सॉ आणि सोनारी करवत एवढं पुरतं. सोनारी करवत, तिची २/० आणि ३/० नंबरची पाती आणि बारीक कानशींचा संच जळगावच्या सराफ बाजारात सोनारांना हत्यारं विकणाऱ्यांकडे मिळतो. हार्डवेअरच्या दुकानात त्यासाठी फिरू नका. तिथे मिळणारी कानस या कामाला जाड पडते.

आधी लंबक

बरेच जण चाकांपासून सुरुवात करतात. तसं करू नका. लंबक आधी करा, कारण तो चाकांशिवायही तपासता येतो आणि बाकी सगळं त्याच्या तालावर बसवायचं असतं.

युरोपातल्या आराखड्यांत सेकंदाच्या लंबकाची लांबी ९९४ मिमी दिलेली असते. ती तिकडे बरोबर आहे. विषुववृत्ताकडे येताना गुरुत्वाकर्षण किंचित कमी होतं. पॅरिसहून नेलेलं घड्याळ दक्षिण अमेरिकेतल्या केयेनला रोज मागे पडतं, हे झाँ रिशे याला १६७२ साली आढळलं ते यामुळेच. खान्देश २१ अंश अक्षांशावर आहे. इथे ही लांबी ९९१.५ मिमीच्या आसपास येते. ९९४ धरून बनवलंत तर घड्याळ दिवसाला पावणेदोन मिनिटं मागे पडेल. लंबकाच्या खालच्या नटाने गोळा (लंबकाचं वजन) वर-खाली करून ते सुधारता येतं, पण नटाला तेवढी जागा ठेवायला हवी.

ही लांबी कागदावरच्या आदर्श लंबकाची आहे, ज्याच्या दांडीला वजनच नाही. खऱ्या दांडीला वजन असतं, त्यामुळे गोळा थोडा खाली न्यावा लागतो. इथे दिलेल्या मापांनी गोळ्याचा मध्य स्प्रिंगच्या वाकण्याच्या जागेपासून साधारण १०१० मिमीवर येतो.

दांडी लाकडाचीच घ्या. भुसावळ-जळगावकडे जानेवारीच्या पहाटे १० अंश असतात आणि मे महिन्यात बंद खोलीतही ४० होतात. या ३० अंशांच्या फरकाने पोलादी दांडीचं घड्याळ दिवसाला १५ सेकंद मागे पडतं, पितळी दांडीचं जवळपास २५. लाकूड रेषांच्या दिशेने फारच कमी वाढतं, फरक पाचेक सेकंदांवर राहतो. सरळ रेषांचं, गाठ नसलेलं सागवान २० बाय १२ मिमी जाडीचं आणि १०४० मिमी लांब रंधून घ्या. रेषा एका कडेने सुरू होऊन दुसऱ्या कडेने बाहेर जात असतील तर तो तुकडा बाजूला ठेवा, पहिल्याच पावसाळ्यात तो पिळेल. दांडीला लाखेच्या पॉलिशचे चार हात द्या. टोकं विसरू नका, लाकूड पाणी पितं ते टोकांतूनच.

खालच्या टोकात एम ६ ची आट्याची सळई एपॉक्सीने बसवा, ८० मिमी बाहेर राहील अशी. गोळ्यासाठी १०० मिमी व्यासाच्या आणि १० मिमी जाडीच्या दोन लोखंडी चकत्या कापून आणा. दोन्ही मिळून सव्वा किलो भरतात. त्या दांडीच्या पुढे-मागे ठेवा, मध्ये दांडीच्या दोन्ही बाजूंना साडेबारा मिमी जाडीच्या पट्ट्या घाला आणि चार स्क्रूंनी आवळा. गोळा दांडीवर सहज सरकला पाहिजे आणि खाली नटावर टेकला पाहिजे. एम ६ च्या आट्यांत एक फेरी म्हणजे १ मिमी, आणि १ मिमी म्हणजे दिवसाला साधारण ४३ सेकंद. नटाच्या कडेवर दहा खुणा करून ठेवा, एका खुणेला चार-सव्वाचार सेकंद पडतील.

लंबक ज्या पट्टीवर टांगायचा ती स्प्रिंग गॅरेजवाल्यांच्या फिलर गेजमधून काढायची. टॅपेट सेट करताना वापरतात तो पात्यांचा जुडगा असतो ना, त्यातलं ०.१० मिमीचं पातं. त्याचा ४५ मिमीचा तुकडा घ्या, वर आणि खाली १० मिमी पितळी पट्ट्यांच्या चिमट्यात धरा, मध्ये २५ मिमी उघडं ठेवा. दोन्ही चिमट्यांच्या कडा एकमेकींना समांतर हव्यात. एक कड किंचित तिरकी राहिली तरी लंबक झोका घेताना आठचा आकडा काढतो. तसं दिसलं तर गोळ्यात दोष शोधू नका, चिमटा सोडून पुन्हा आवळा.

आता लंबक भिंतीवरच्या भक्कम खुंटीला टांगा. मध्यापासून ५० मिमी बाजूला ओढून सोडा. पंधरा मिनिटांनंतर झोका २५ मिमीच्या खाली आला असेल तर ताकद कुठेतरी गळते आहे. बहुधा खुंटीच हलत असते. खुंटीवर बोट ठेवून पाहा, हालचाल बोटाला कळते. पंखा आणि कूलर बंद करून मगच ही तपासणी करा.

चाकांचा हिशेब

एस्केप चाकाला ३० दाते. लंबकाच्या पूर्ण फेऱ्याला २ सेकंद लागतात आणि त्यात एक दात सुटतो, म्हणून हे चाक मिनिटाला एक फेरी घेतं. त्याच्याच दांड्यावर (आसावर) सेकंदकाटा बसवता येतो. मधलं चाक तासाला एक फेरी घेणारं हवं, म्हणजे मधे ६० पट अंतर हवं. ते असं मिळतं:

मधलं चाक ६४ दाते, ते तिसऱ्या दांड्यावरच्या ८ काड्यांच्या पिनियनला फिरवतं (८ पट).
तिसरं चाक ६० दाते, ते एस्केप चाकाच्या ८ काड्यांच्या पिनियनला फिरवतं (साडेसात पट).
मोठं चाक ९६ दाते, ते मधल्या दांड्यावरच्या ८ काड्यांच्या पिनियनला फिरवतं (१२ पट).

मोठं चाक आणि त्याच्यावरचा दोरीचा ड्रम दिवसाला दोन फेऱ्या घेतात. ड्रम ४० मिमीचा आणि दोरी २ मिमीची धरली तर वजन रोज २६४ मिमी उतरतं. ड्रमचा मध्य जमिनीपासून दीड मीटरवर ठेवला तर १.१ मीटर उतार मिळतो आणि घड्याळ चार दिवस चालतं. बुधवार आणि रविवार असे चावी देण्याचे वार ठरवून टाका. एका सरकत्या कप्पीने आठ दिवस मिळतात, पण वजन दुप्पट लागतं आणि त्याबरोबर भिंतीवरचा भारही वाढतो. पहिल्या घड्याळाला कप्पी नको.

दात्यांचं मॉड्यूल, म्हणजे व्यास भागिले दाते हे माप, २.५ मिमी घ्या. व्यास काढायची रीत सोपी आहे: दाते गुणिले २.५. मोठं चाक २४० मिमी, मधलं १६०, तिसरं १५०, पिनियन २०. हे व्यास दात्यांच्या मधल्या वर्तुळाचे. त्याच्या वर ३ मिमी टोक आणि खाली सव्वादोन मिमी खोली ठेवा. मधल्या वर्तुळावर दाताची जाडी ४.२ मिमी. टोकाकडे दात गोलसर निमुळता करायचा, खालचा भाग मात्र सरळ मध्याच्या दिशेने जाऊ द्यायचा.

कंपास १५० मिमीच्या वर्तुळावर ७.८५ मिमी उघडून साठ पावलं टाकली की झालं, असं वाटतं. पण दर पावलाला ०.०५ मिमी चुकलं तर साठ पावलांनी ३ मिमी होतात आणि शेवटचा दात अर्धाच उरतो. त्यापेक्षा संगणकावर गिअर काढणाऱ्या कुठल्याही प्रोग्रॅममधून नमुना छापून घ्या. मोठं चाक ए४ कागदावर मावत नाही, ए३ लागतो. झेरॉक्सवाल्याला ‘फिट टू पेज’ बंद करायला सांगा. कागदावर २०० मिमीची एक उभी आणि एक आडवी रेघ छापून घ्या आणि दुकानातच पट्टीने मोजा. काही मशीन उभ्या दिशेने अर्धा टक्का ताणतात. अशा कागदावर चाक लंबगोल निघतं आणि तो दोष नंतर कशानेच जात नाही.

लाकूड

सातपुड्याचं सागवान सुंदर असतं आणि चाकांसाठी त्याचा मोह होतो. अख्ख्या फळीचं चाक करू नका. लाकूड रेषांना आडवं फुगतं आणि आकसतं. वैशाखातल्या कोरड्या हवेत गोल कापलेलं २४० मिमीचं चाक श्रावणात एका दिशेने दोनेक मिलिमीटर फुगलेलं मिळेल, दुसऱ्या दिशेने जसंच्या तसं. दाते एका बाजूला रुततील आणि दुसऱ्या बाजूला सुटे राहतील. शिवाय उन्हाळ्यात कूलर लावलेल्या खोलीत दिवसा ओल आणि रात्री कोरडं, अशी एकाच दिवसात दोनदा हवा बदलते. पावसाळ्याचीही वाट पाहावी लागत नाही.

चाकांना ९ मिमीचं प्लाय घ्या, बर्च मिळालं तर उत्तम, नाहीतर आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लाय. साध्या कमर्शियल प्लायच्या आत पोकळ जागा असतात. नेमका एखादा दात त्या पोकळीवर येतो आणि कानस लावताच तुटतो. तुकडा घेण्याआधी चारही कडा पाहा आणि बोटाच्या पेराने ठोकून बघा, पोकळ जागी आवाज बदलतो.

आधी मध्याचं ४ मिमीचं भोक पाडा, नंतर बाकी सगळं. भोक ड्रिल स्टँडवरच पाडायचं, हातात ड्रिल धरून नाही. भोक एक अंश तिरकं गेलं तर २४० मिमीचं चाक कडेला दोन्हीकडे दोन-दोन मिमी डुलतं. भोकात ४ मिमीचा दांडा घालून चाक फिरवा, कडेवर काचपेपरचा ठोकळा टेकवून गोल करून घ्या. मगच नमुन्याचा कागद चिकटवा, त्याचा मध्य दांड्याच्या मध्यावर आणून. चाकाच्या आतला भाग कापून चार-पाच आऱ्या ठेवल्या की चाक हलकं होतं.

दाते कापताना करवत रेघेच्या बाहेरून चालवा, अर्धा मिमी ठेवून. उरलेलं कानशीने काढा. दात्यांच्या बाजूंना पातळ सुपरग्लूचा थेंब मुरवला की प्लायचे पदर सुटत नाहीत. वाळल्यावर ४०० नंबरच्या काचपेपरने एकदा हात फिरवा.

पिंजरा पिनियन

आठ दात्यांचा पिनियन हाताने कापणं अवघड. त्याऐवजी पिंजरा करा: दोन पितळी चकत्या आणि त्यांच्यामध्ये आठ पोलादी काड्या. युरोपातल्या जुन्या लाकडी घड्याळांत हेच असायचं, कारण त्यात थोडी चूक खपते. काड्या २.५ मिमी व्यासाच्या हव्यात, सिल्व्हर स्टीलची सळई किंवा विणकामाची पोलादी सुई चालते. सुई असेल तर व्हर्निअरने मोजूनच घ्या, तिच्यावरच्या नंबरावर विसंबू नका.

चकत्या २ मिमी जाड, २८ मिमी व्यास. दोन्ही एकमेकींवर स्क्रूने आवळून एकत्रच ड्रिल करा, नाहीतर काड्या पिळलेल्या बसतील. २० मिमीच्या वर्तुळावर आठ खुणा. शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांतलं सरळ अंतर ७.६५ मिमी भरलं पाहिजे. काड्या बसवल्यावर शेजारच्या दोन काड्या बाहेरून मोजा, १०.१५ मिमी यायला हवेत. समोरासमोरच्या दोन काड्या बाहेरून २२.५ मिमी. हे मोजमाप आठही जोड्यांवर करा. एखादी जोडी १०.४ निघाली तर पिनियन टाकून नवा करा. अर्ध्या तासाचं काम आहे. तो वापरलात तर घड्याळ दर ठरावीक मिनिटांनी त्याच जागी अडखळेल.

एक बाब लक्षात ठेवा: पिंजरा पिनियन चाकाने फिरवला तर छान चालतो, पण त्याने चाक फिरवायला लावलं तर घासतो. तबकडीमागच्या चाकांत पिनियनच चाकाला फिरवतो, म्हणून तिथे पिंजरा वापरायचा नाही. तिथे लाकडी दाते: मधल्या दांड्यावर १०, शेजारच्या खुंटीवर ३० आणि त्याला जोडलेले ८, आणि तासकाट्याच्या नळीवर ३२. तीन पट आणि चार पट मिळून बारा. दोन्ही जोड्यांची बेरीज ४० येते, म्हणून दोन्हींचं अंतर एकच, ५० मिमी. दहाचं चाक मधल्या दांड्यावर स्प्रिंग वॉशरच्या दाबाने बसवा, चिकटवू नका. नाहीतर काटे हाताने फिरवून वेळ लावता येणार नाही.

दांडे आणि पाट्या

दांडे ४ मिमीच्या सिल्व्हर स्टीलचे. टोकं मात्र २.५ मिमीपर्यंत बारीक करायची, कारण टोक जाड असेल तर घर्षण तितकं मोठ्या त्रिज्येवर काम करतं. व्हाइसमध्ये ड्रिल मशीन आडवं धरा, चकमध्ये दांडा, आणि फिरत्या टोकावर सपाट कानस. नंतर एमरी ४००, ८००, १२००. टोक चकचकीत आणि सारख्या व्यासाचं हवं, निमुळतं नको. निमुळतं टोक बुशमध्ये (टोक ज्यात फिरतं त्या पितळी नळीत) पाचरीसारखं अडकतं. मोठ्या चाकाचा दांडा ६ मिमीचा, त्याला ६२६ नंबरची बेअरिंग लावा. बेअरिंगमधलं ग्रीस रॉकेलने धुऊन काढा. ते मोटारीसाठी असतं, हिवाळ्यात त्याचीच ओढ जाणवते.

दांडे ज्यांच्यामध्ये बसतात त्या पाट्या दोन, १८ मिमी मरीन प्लायच्या, ६०० बाय १२० मिमी. मधे ९० मिमीचे चार खांब. पितळी बुशमध्ये भोक २.६ मिमी. दांडा पाट्यांमध्ये पुढे-मागे अर्धा ते एक मिमी हलला पाहिजे.

कागदावर अंतरं अशी आहेत: मोठं चाक ते मधलं १३० मिमी, मधलं ते तिसरं ९०, तिसरं ते एस्केप ८५. पण ही कागदावरचीच समजा. तुमच्या हातून आलेलं चाक २४० नसून २३९.४ असेल, पिनियन २०.१ असेल. एका लांब फळीवर एक बुश पक्का करा, दुसरा खाचेत सरकणारा ठेवा. चाक आणि पिनियन त्यात बसवून अंतर कमी-जास्त करत फिरवा. फार जवळ असेल तर दाते रुततात आणि चाक जड फिरतं. फार लांब असेल तर दात सुटताना टक्-टक् असा धक्का बोटाला लागतो. दोन्हींच्या मधे एक जागा असते जिथे चाक मऊ फिरतं. ते अंतर मोजा, त्या जोडीच्या नावाने पाटीवर लिहा आणि त्याच अंतरावर भोक पाडा. चारही दांडे एका सरळ उभ्या रेषेत ठेवले तर काम सोपं जातं. दोन्ही पाट्या एकत्र आवळून एकदमच ड्रिल करा.

आता एकेक दांडा एकटाच पाट्यांमध्ये बसवा, चाकासकट. बोटाने टिचकी मारा. थांबताना चाक थोडं मागे झोका घेऊन थांबलं तर चांगलं. झटकन थांबलं तर टोक अडकतंय. चाक योग्य उंचीवर आहे का हे पाहायला ठिबकच्या मायक्रोट्यूबचे तुकडे दांड्यावर बसवा, ४ मिमी भोकाची नळी घट्ट बसते आणि हवी तशी सरकवता येते. जागा पक्की झाली की मग एपॉक्सी.

पुढून पाहताना मधलं चाक घड्याळाच्या दिशेने फिरलं पाहिजे. म्हणजे मोठं चाक उलट दिशेने, आणि वजनाची दोरी ड्रमच्या डाव्या अंगाने खाली सोडायची. ही चूक फार जण करतात आणि घड्याळ उलटं चालताना पाहून हसतात, मग खटकाही उलटा बसवावा लागतो. खटका म्हणजे ड्रमवरचं १२ दात्यांचं तिरकं चाक आणि मोठ्या चाकावर बसवलेली स्प्रिंगची जीभ. ड्रमच्या दुसऱ्या टोकावर उलट गुंडाळलेली एक दोरी ठेवा, ती ओढली की वजन वर चढतं. चावी घडवण्याचा त्रास वाचतो.

एस्केपमेंट

इथे वेळ द्या. बाकीच्या सगळ्या घड्याळाला मिळून जेवढा लागला तेवढा इथे लागला तरी चालेल.

लंडनच्या जॉर्ज ग्रॅहॅमने १७१५ च्या सुमारास वापरात आणलेली पद्धत घेऊ. अँकर म्हणजे लंबकाबरोबर डोलत एस्केप चाकाचे दात एकेक सोडणारा भाग. जुन्या अँकरमध्ये दर ठोक्याला चाक थोडं मागे ढकललं जातं. ग्रॅहॅमच्या पद्धतीत ते नुसतं थांबून राहतं. सेकंदकाटा मागे थरथरत नाही.

एस्केप चाक २ मिमी पितळेच्या पत्र्यातून सोनारी करवतीने कापा. टोकांचा व्यास १२० मिमी, ३० दाते, दर १२ अंशांना एक. चाक पुढून घड्याळाच्या दिशेने फिरतं. दात्याचं टोक फिरण्याच्या दिशेला ५-६ अंश पुढे झुकलेलं असतं, म्हणजे पॅलेटला (अँकरच्या ज्या दोन टोकांवर दात अडतो त्यांना) फक्त टोक लागतं, पूर्ण बाजू नाही. टोक नखाच्या कडेएवढं बारीक ठेवा, पण सुईसारखं नको, वाकेल.

अँकर साडेसात दाते कवेत घेतो, म्हणजे ९० अंश. यामुळे भूमिती सोपी होते: चाकाच्या मध्यापासून अँकरचा मध्य ८४.८५ मिमी वर, आणि अँकरच्या मध्यापासून पॅलेटपर्यंतची त्रिज्या ६० मिमी. कागदावर अँकरच्या मध्यातून ६२.५ आणि ५७.५ मिमी त्रिज्येची दोन वर्तुळं काढा. पॅलेटच्या बाजू या दोन वर्तुळांवरच असतात, त्यामुळे पॅलेट ५ मिमी जाड होतो. दात याच गोल बाजूवर टेकून थांबतो. डावा पॅलेट दाताला बाहेरच्या बाजूवर थांबवतो, उजवा आतल्या बाजूवर. ही बाजू अँकरच्या मध्याशी तंतोतंत गोल असेल तरच चाक स्थिर राहतं.

पॅलेटच्या टोकाचा उतार लंबकाला धक्का देतो. ५ मिमी जाडीत २.१ मिमी उतार द्या, त्याने अँकर २ अंश ढकलला जातो. दात आधी गोल बाजूवर साधारण १ मिमी आत टेकला पाहिजे आणि मगच उतारावर आला पाहिजे. थेट उतारावर पडला तर चाक सटासट पळून जाईल. अँकरचं अंग प्लायचं चालेल, पण पॅलेट पोलादाचे, ३ मिमी पट्टीचे, स्क्रूने मागे-पुढे सरकवता येतील असे. लाल करून तेलात बुडवून कडक करा, मग आरशासारखे घासा. कडक केल्यावर स्क्रूचं भोक पाडता येत नाही, ते आधीच पाडून ठेवा.

जुळवताना वजन लावू नका. चाकाला बोटाने हलका दाब द्या, अँकर दुसऱ्या हाताने डोलवा. एक दात सुटल्यावर समोरच्या पॅलेटवर दुसरा दात पडेपर्यंत चाक जे रिकामं धावतं, ते अंतर दोन्ही बाजूंना सारखं हवं, एक-सव्वा मिमी. दोन्हीकडचं रिकामं धावणं जास्त असेल तर अँकर चाकाच्या जवळ आणा. एकाच बाजूचं जास्त असेल तर त्या बाजूचा पॅलेट सरकवा. तीसही दाते दोन्ही बाजूंनी तपासा. एखादा दात अर्ध्या मिमीने आखूड असला तर मिनिटातून एकदाच दोष दिसतो आणि पाहणाऱ्याच्या नजरेतून सुटतो.

अँकरच्या दांड्यावरून मागे एक तार खाली येते आणि तिच्या काट्यात लंबकाची दांडी बसते. काट्यात फक्त ०.२ मिमी मोकळीक. ही तार मऊ पितळी ठेवा, पुढे ती हाताने वाकवायची आहे. लंबकाची स्प्रिंग जिथे वाकते ती जागा अँकरच्या दांड्याच्या बरोबर मागे आली पाहिजे. वर-खाली झाली तर तार दांडीवर घासते.

टांगणं आणि चालू करणं

जुन्या धाब्याच्या घराची मातीची भिंत जाड असते पण खुंटी धरत नाही. तिथे १८ मिमीची लांब फळी आधी भिंतीला तीन-चार ठिकाणी पक्की करा आणि घड्याळ फळीवर. ओळंब्याने उभं करा.

वजनासाठी ७५ मिमीचा पीव्हीसी पाइप ३०० मिमी लांब, दोन्ही टोकांना टोपणं. तापीची वाळू भरली तर दोन किलोही होत नाहीत. नट-बोल्टांचं भंगार भरलं तर चार-साडेचार किलो होतात. सुरुवात चार किलोने करा. घड्याळ चालू लागलं की थोडं थोडं काढत जा. ज्या वजनाला ते थांबतं, त्याच्या दीडपट वजन कायमचं ठेवा. पावसाळ्यात लागते ती ताकद त्यातूनच येते.

लंबक ओढून सोडा आणि डोळे मिटून ऐका. टिक आणि टॉक यांच्यामधली शांतता सारखी आहे का? टिक-टॉक… टिक-टॉक असं लंगडं ऐकू आलं तर मागची तार किंचित वाकवा. चाल सुधारण्याऐवजी आणखी लंगडी झाली तर दुसऱ्या बाजूला वाकवा. चालताना झोका मध्यापासून दोन्हीकडे ३५ ते ४० मिमी असायला हवा.

वेळ लावताना पहिले दोन दिवस नटाला हात लावू नका, स्प्रिंग आणि दोरी बसायला वेळ लागतो. नंतर रोज एकाच वेळी फोनशी ताडून वहीत लिहा. पुढे जात असेल तर गोळा खाली, मागे पडत असेल तर वर. एकदा बदल केला की पुढचा बदल २४ तासांनी.

काय बिघडतं

चावी दिल्यावर तीन दिवस छान चालतं आणि चौथ्या दिवशी थांबतं. दोष चाकांत शोधू नका. त्या दिवशी वजनाची दोरी लंबकाएवढी लांब झालेली असते, मग वजनही त्याच तालावर डोलू लागतं आणि लंबकाची ताकद खातं. भिंतीची फळी घट्ट करा. तरीही डोललं तर वजनाच्या खालच्या टोकाला वाटेत भिंतीवरचा कापडाचा तुकडा हलकेच शिवेल असं करा.

दर साडेसात मिनिटांनी अडखळतं: तिसरा दांडा साडेसात मिनिटांत एक फेरी घेतो, दोष त्याच्या चाकात किंवा पिनियनमध्ये आहे. दर मिनिटाला अडखळतं: एस्केप चाक. तासातून एकदा: मधलं चाक किंवा तबकडीमागची चाकं, किंवा काटे एकमेकांना लागतात. थांबल्यावर लगेच चालू न करता कोणते दात गुंतले आहेत त्यावर पेन्सिलने खूण करा. तिसऱ्यांदा थांबेपर्यंत खुणा स्वतःच सांगतात.

तेल फक्त दांड्यांच्या टोकांना आणि पॅलेटला, सुईच्या टोकावर मावेल एवढं, शिलाई मशीनचं. लाकडी दात्यांना तेल अजिबात नाही. जिनिंगच्या हंगामात कापसाचे तंतू हवेत असतात, ते तेलाला चिकटून दात्यांत लोकरीसारखी गादी होते. त्याच कारणाने घड्याळाला काचेची पेटी करा, कूलरचा वारा लंबकावर येत असेल तर आधी तीच करा. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, पाट्या उघडून टोकं रॉकेलने पुसा आणि नवा थेंब द्या.